थंडीच्या नावावर फाडलेलं बिल

पुण्यात पारा १० अंशांच्या खाली गेला की सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. मजकूर थोडक्यात असा: थंडीनं झाडं मरताहेत. पानं गळाली की झाड गेलं समजा आणि वाळक्या फांद्या लगेच छाटा. थंडीत बुरशी वाढते, म्हणून सगळ्या झाडांवर फवारणी करून घ्या. बुंध्याला चुना-गेरू लावा, रोग वर चढत नाही. रोज भरपूर पाणी आणि खत द्या, लहान झाडं रात्री प्लास्टिकनं झाका. खाली जोडलेले हात आणि ‘जनहितार्थ’.

आधी थंडीचंच बघू. पुण्यातलं आजवरचं नोंदलेलं सर्वांत कमी तापमान १.७ अंश, १७ जानेवारी १९३५ चं. एरवी डिसेंबर-जानेवारीत पहाटे दहा-बारा अंश, कडाक्याच्या लाटेत सात-आठ. पाषाणकडे थोडं कमी, कोरेगाव पार्कात थोडं जास्त. थंड देशांत झाडं मरतात ती पेशींभोवती बर्फ धरल्यामुळे, साल तडकल्यामुळे, किंवा जमीन गोठून मुळांना पाणी उचलता येत नाही म्हणून. आपल्याकडे दुपारी बारा वाजता माणसं स्वेटर काढून कमरेला बांधतात. गोठणार काय? हां, कुंडीतले ॲग्लोनिमा, क्रोटन असले उष्ण प्रदेशातले पाहुणे दहाच्या खाली कुरकुरतात. त्यांना भिंतीच्या आडोशाला घ्या, पुरे. प्लास्टिक घातलंत आणि सकाळी काढायचं राहिलं, तर उन्हात पानं आतल्या आत उकडतात. झाकायचंच असेल तर जुनी साडी बरी.

आता पानगळ. याच एका मुद्द्यापायी सगळ्यात जास्त नुकसान होतं. पाऊस ऑक्टोबरात संपतो आणि पुढचा जूनमध्ये येतो. मधल्या कोरड्या महिन्यांत पानांतून पाणी उडवत बसण्यापेक्षा पानंच टाकून द्यायची, हा आपल्या कितीतरी झाडांचा जुना हिशेब आहे. काटेसावर डिसेंबर-जानेवारीत उघडी होते आणि फेब्रुवारीत एक पान नसताना लाल फुलांनी लगडते. पांगाऱ्याचं तेच. वेताळ टेकडीवरचा गिरिपुष्प या दिवसांत नुसत्या काटक्या दिसतो, आणि त्याच काटक्यांना गुलाबी तुरे येतात. आपलं राज्यपुष्प ताम्हण आणि दारातला देशी बदाम पानं टाकण्याआधी तांबडी करतात, त्यावर ‘झाडाला काय झालं?’ म्हणून फोटो येतात. काही झालेलं नाही. जानेवारीत ‘वाळकी’ म्हणून पांगाऱ्याची फांदी तोडलीत, तर तोडलेत ते फेब्रुवारीतले फुलोरे.

शंका असेल तर करंगळीएवढ्या फांदीची साल नखानं जरा खरवडा. खाली हिरवं, ओलसर लागलं तर फांदी जिवंत आहे. तपकिरी आणि कोरडं लागलं, फांदी वाकवताच कटकन मोडली, तर मेली. अशी दोन-तीन ठिकाणी तपासणी केल्याशिवाय करवत काढू नये. शिवाय झाडतोडीला १९७५ च्या महाराष्ट्र वृक्ष संरक्षण कायद्यानुसार वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. ‘मेसेज आला होता’ हे तिथे चालत नाही.

बुरशीचा मुद्दा अर्धा खरा आहे, म्हणून जास्त घातक. डिसेंबरात पानावर दिसतात ते डाग बहुतेक सप्टेंबरचे असतात. चाफ्याचं पान उलटं करून बघा. खालच्या बाजूला नारिंगी पुटकुळ्या दिसतील, बोट फिरवलं तर हळद सांडल्यासारखी पूड लागते. हा तांबेरा. तो पसरला ओल्या दिवसांत, आणि आता चाफा तशीही पानं टाकणार आहे. गळालेली पानं गोळा करून बाजूला केली तर रोगाचं पुढचं भांडवल कमी होतं. उघड्या दांडक्यांवर औषध मारून फक्त औषधवाल्याचं भलं होतं.

खरा हिवाळी रोग एकच डोळ्यांत भरतो, तो म्हणजे भुरी, पानांवर पिठासारखी पांढरी पूड धरणारी बुरशी. थंड रात्री आणि कोरडे, लख्ख दिवस तिला मानवतात. बाकीच्या बऱ्याच बुरशींना रुजायला पानावर पाणी लागतं, हिला नको असतं. गुलाबाची कोवळी पानं आणि आंब्याचा मोहर ही तिची आवडती ठिकाणं. लिटरभर पाण्यात दोन ग्रॅम पाण्यात मिसळणारं गंधक, सकाळच्या वेळी, आणि तेही भुरी असलेल्या झाडावरच. उन्हाळ्याच्या तडाख्यात हेच गंधक पानं जाळतं.

पण पांढरं दिसलं की भुरी, असंही नाही. जास्वंदीच्या शेंड्यात कापसासारखे पुंजके, पानं आवळलेली, बोटाला चिकट, आणि खोडावर मुंग्यांची ये-जा, हा पिठ्या ढेकूण. ही कीड आहे, बुरशीनाशकाला ती दाद देत नाही. फार माखलेले शेंडे कापून पिशवीत बांधा, बाकीच्यावर पाण्याचा जोरदार फवारा आणि नंतर साबणाचं सौम्य पाणी. मुंग्यांची वाटही बंद करा, त्या या किडीला जपतात.

चुना-गेरूबद्दल फार बोलायची गरज नाही. रस्त्याकडेचे ते पट्टे रात्री गाडीच्या दिव्यात खोड दिसावं म्हणून कामाचे, त्यानं रोग थांबत नाही. मोरचूद आणि चुन्याची बोर्डो पेस्ट वेगळी. ती छाटलेल्या जखमेवर लावतात. मिश्रणात लोखंडी खिळा बुडवून बघतात, त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय.

पाण्याचं उलटं आहे. हिवाळ्यात झाड पाणी कमी पितं, माळी मात्र पाइप आळ्यात सोडून चहाला जातो. आपली काळी माती वरून भेगाळलेली आणि आत गच्च ओली असते. अशा मातीत मुळं कुजतात, पानं पिवळी पडतात, मग ‘थंडी लागली’ म्हणून आणखी पाणी. खुरप्यानं चार बोटं उकरून बघा, ओल असेल तर पाइप गुंडाळा. गेल्या पावसाळ्यात लावलेल्या रोपांना मात्र पाणी हवंच. आठवड्यातून एकदा-दोनदा, मुरेल असं, आणि आळ्यात पालापाचोळा अंथरून. रुजलेल्या मोठ्या झाडाला पाणी दिलंच तर बुंध्याशी नको, फांद्यांच्या घेराखाली द्या. युरिया तर या दिवसांत नकोच, लुसलुशीत फूट येते आणि तिच्यावर मावा ही रस शोषणारी कीड. एक्झोऱ्याची पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या, तर चुनखडीच्या गार मातीतून त्याला लोह उचलता येत नाहीये. तिथे युरियाचा उपयोग शून्य.

हे सगळं थंडीवर ढकललं जातं तेव्हा दोन गोष्टी सुटून जातात. एक, शेकोटी. रात्री बुंध्याला टेकून पेटवलेल्या काटक्यांनी त्या बाजूची साल आतून भाजते, आणि काही महिन्यांनी तिचे पापुद्रे सुटायला लागतात. शेकोटी हवीच, पण झाडापासून लांब. (लग्नसराईतले खिळे ठोकून टांगलेले दिवे हा त्याच जातीचा प्रकार.) दुसरी गोष्ट पेव्हर ब्लॉक. बुंध्यापर्यंत सिमेंट भिडवलं की पावसाचं पाणी आणि हवा दोन्ही मुळांपर्यंत पोचत नाहीत. जूनपासून उपाशी ठेवलेलं झाड जानेवारीत शेंड्याकडून वाळायला लागतं, आणि आपण तापमान बघतो. राष्ट्रीय हरित लवादानं २०१३ मध्ये दिल्लीत झाडांभोवतीची एक मीटर जागा मोकळी करायला सांगितलं होतं. आपल्या सोसायटीत तेवढ्यासाठी लवादाची वाट बघायला नको, चार ब्लॉक उचलायला एक दुपार लागते.

या आठवड्यात फेरी मारणार असाल तर गुलमोहराच्या बुडाशी वाका. पावसाळ्यात उगवलेली, आता लाकडासारखी टणक झालेली बुरशीची छत्री तिथे दिसते का बघा. वरून तपकिरी, चकचकीत. ती दिसली तर आतलं लाकूड बऱ्यापैकी कुजलेलं असतं आणि चुना, फवारणी, खत कशाचाच उपयोग नसतो. फोटोसह महापालिकेच्या उद्यान विभागात अर्ज द्या, आणि पाहणी होईपर्यंत त्याखाली गाडी लावू नका.