क्रीटमध्ये आडवं पडण्याचे कष्ट

ग्रीसच्या क्रीट बेटावर जाऊन “काही करायचं नाही, नुसतं वाळूत लोळायचं” असं ठरवणाऱ्यांना माझा एकच प्रश्न असतो: छत्री रोवता येते का?

जुलै-ऑगस्टमध्ये तिथे उत्तरेकडून मेल्टेमी नावाचा वारा सुटतो. आभाळात ढगाचा टिपूस नाही, समुद्र निळाशार, आणि पोटऱ्या मात्र पॉलिश पेपरने घासल्यासारख्या सोलून निघतात. उत्तर किनाऱ्यावर लाल बावटा लागला की हुशार मंडळी गाड्या काढून दक्षिणेला पळतात. तिथे लाटा कमी, हे खरं. पण मधल्या डोंगरांची उंची २,४५६ मीटरपर्यंत जाते, आणि वारा तो चढून पलीकडे झोतांनी खाली कोसळतो. दोन मिनिटं शांत, मग सणसणीत फटका. छत्री जाते ती त्या फटक्यात.

म्हणून दांडा नुसता खुपसून भागत नाही. खालचा अर्धा भाग डावी-उजवीकडे पिळत ओल्या वाळूपर्यंत, म्हणजे निदान दीड फूट, खाली न्यायचा. भोवतालची वाळू पायाने दाबायची, मग वरचा भाग बसवायचा आणि टोक वाऱ्याकडे कलवायचं. सावलीच्या मोहाने लोक उलटीकडे कलवतात. वारा छत्रीच्या पोटात शिरतो आणि ती चार कुटुंबं ओलांडून एखाद्या झोपलेल्या आजोबांवर उतरते. त्यात सूर्य सरकतो, सावली सरकते, की पुन्हा उपटा, पुन्हा पिळा. भाड्याची छत्री आणि दोन खाटा घ्याव्यात, असं माझं स्पष्ट मत आहे. पैसे जातात, पण आजोबा वाचतात.

गुहागर-दापोलीची सवय असलेला माणूस भरतीच्या धास्तीने सामान लांब ठेवतो. इथे भरती-ओहोटीचा फरक जेमतेम वीतभर. त्यामुळे सगळं जग पाण्याला चिकटून बसतं आणि पहिली रांग सकाळीच संपते.

वाऱ्यामुळे ऊन लागतंय हे कळत नाही, ही खरी मेख. क्रीम दर दोन तासांनी लावायचं. पावलांची वरची बाजू, कानांच्या पाळ्या आणि भांग हमखास राहतात आणि रात्री तेच ठणकतात. लावलेल्या क्रीमवर वाळू बसते, ते वेगळंच.

खडकाळ जागी रबरी बूट घालूनच पाण्यात उतरावं. कपारीत काळे काटेरी सी अर्चिन असतात. काटा ठिसूळ, ओढला की आतच मोडतो. पाऊल आधी सोसवेल इतक्या गरम पाण्यात धरायचं, मग चिमट्याने काटा सरळ रेषेत काढायचा. पिळून काढू पाहणाऱ्याची सुट्टी तिथेच संपते.

आणि एलाफोनिसी किनाऱ्याची गुलाबी वाळू? हानिया शहराहून साधारण ७५ किलोमीटर, पण वाट घाटाची. तोपोलिया गावाजवळचा बोगदा एकेरी. सिग्नल हिरवा होईपर्यंत थांबा. अकराला पोचलात तर गाडी लावायला जागा शोधण्यातच अर्धा तास. म्हणून साडेसातला निघायचं. सुट्टीत. गजर लावून.