जेमतेम एक

आज सायंकाळी आमच्या तालमीत काकांची शोकसभा झाली. बोलणारे बहुतेक जण मनापासून बोलले, परंतु एका वक्त्यांनी (नाव लिहिणार नाही, ते वयाने मोठे आहेत) "संतोष करंडकात महाराष्ट्राकडून ते जेमतेम एकच सामना खेळले असले तरी" अशी सुरुवात केली आणि त्यानंतर ते काय बोलले ते मला ऐकूच आले नाही. त्या "जेमतेम"ने आणि त्या "तरी"ने माझे डोके फिरले. घरी येऊन दोन तास झाले, राग अजून उतरलेला नाही. काकांविषयी सरळ लिहिणे आज मला झेपणार नाही, म्हणून स्कॉटलंडचा जुना फुटबॉलपटू जिमी स्पीअर्स याच्याविषयी लिहितो. तोही देशाकडून जेमतेम एकच सामना खेळला.

जेम्स हॅमिल्टन स्पीअर्स 1886 मध्ये ग्लासगोच्या गव्हन भागात जन्मला, मेरीहिल क्लबकडून खेळून 1905 मध्ये रेंजर्स क्लबमध्ये गेला आणि मार्च 1908 मध्ये डंडी येथे वेल्सविरुद्ध स्कॉटलंडची जर्सी त्याच्या अंगावर चढली. स्कॉटलंडने तो सामना 2-1 असा जिंकला, आणि त्यानंतर त्याला कधीही बोलावणे आले नाही. आमच्या वक्त्यांच्या हिशेबाने या माणसाची गोष्ट बाविसाव्या वर्षीच संपली.

प्रत्यक्षात ती तिथून पुढे सुरू होते. ग्लासगोच्याच क्लाइडकडून एक हंगाम खेळून तो 1909 मध्ये इंग्लंडातील ब्रॅडफर्ड सिटीकडे गेला. ब्रॅडफर्ड म्हणजे लोकरीच्या गिरण्यांचे शहर, आणि हा क्लबही जेमतेम (हा शब्द आता मी मुद्दाम वापरणार आहे) सहा वर्षांचा; 1903 मध्ये तिथल्या एका रग्बी क्लबने रग्बी सोडून फुटबॉल धरला त्यातून जन्मलेला. हाच क्लब 1911 मध्ये स्पीअर्सच्या कर्णधारपदाखाली एफए कप या इंग्लंडच्या बाद पद्धतीच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पोहोचला. समोर न्यूकॅसल युनायटेड, म्हणजे सात हंगामांत पाचव्यांदा अंतिम सामना खेळणारा आणि आदल्या वर्षी करंडक जिंकलेला संघ. 22 एप्रिलला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसवर 0-0 झाले. चार दिवसांनी ओल्ड ट्रॅफर्डवर पुन्हा सामना झाला, आणि पंधराव्या मिनिटाला स्पीअर्सचा हेडर न्यूकॅसलचा गोलकीपर जिमी लॉरेन्सला चुकवून जाळ्यात गेला. उरलेली पंचाहत्तर मिनिटे ब्रॅडफर्डने तो एक गोल जपला. त्या अकरा जणांत आठ स्कॉटिश होते. करंडक त्याच वर्षी नवा घडवलेला होता, तोही ब्रॅडफर्डच्याच फॅटोरिनी पेढीने, आणि तो सर्वांत आधी उचलला स्पीअर्सने. आज टीव्हीवर जो एफए कप दिसतो, तो त्याच घडणीची प्रतिकृती आहे. ब्रॅडफर्ड सिटीला तेवढ्या तोलाचा दुसरा करंडक आजपर्यंत मिळालेला नाही. म्हणजे तिथेही हिशेब एकाचाच.

आपल्याला 1911 म्हटले की कोलकात्याच्या मोहन बागान क्लबचा आयएफए शील्डचा विजय आठवतो, आणि ते योग्यच आहे. त्यांनी जुलैमध्ये ज्यांना हरवले ती ब्रिटिश पलटणही ब्रॅडफर्डसारखीच यॉर्कशायरची होती, हा माझ्या आवडीचा योगायोग.

काकांच्या त्या एका सामन्याविषयी ते आयुष्यभर एकच गोष्ट सांगत. उत्तरार्धात कॉर्नर आला, त्यांनी उडी मारून हेड मारला, आणि चेंडू बारला लागला. सामन्याचा निकाल काय लागला, हे विचारल्याशिवाय ते कधी सांगत नसत. मात्र तो आवाज कसा होता हे दाखवण्यासाठी दाराच्या लाकडी चौकटीवर बोटांच्या पेरांनी ठक् करून एकदाच वाजवत आणि आमच्याकडे बघत. वक्ते म्हणतील, गोल करणे आणि बारला मारणे यांत फरक आहे. आहे, मान्य.

पैशाचेही बोलू, कारण "तेव्हाचे लोक खेळासाठी खेळत" असेही एक वाक्य आज ऐकावे लागले. स्पीअर्स व्यावसायिक खेळाडू होता. इंग्लंडच्या फुटबॉल लीगने पगाराला कमाल मर्यादा घातलेली होती, आठवड्याला चार पाउंड, पुढे फार तर पाच, आणि क्लबने सोडल्याशिवाय खेळाडूला दुसरीकडे जाण्याची सोय नव्हती. डिसेंबर 1912 मध्ये हर्बर्ट चॅपमन या व्यवस्थापकाने त्याला लीड्स सिटीत नेले तेव्हा 1,400 पाउंड मोजले गेले, ते या क्लबच्या तिजोरीतून त्या क्लबच्या तिजोरीत. खेळाडूंना चोरून पैसे दिल्याच्या आरोपावरून 1919 मध्ये त्याच लीड्स सिटीला लीगमधून हाकलले आणि तिच्या खेळाडूंचा हॉटेलात लिलाव केला. काकांना एका कारखान्याने फुटबॉलसाठी नोकरी दिली होती आणि गुडघा गेल्यावर गोदामात पोती मोजायला बसवले. खेळासाठी खेळत म्हणे!

महायुद्ध सुरू झाल्यावरही 1914-15 चा हंगाम खेळवला गेला, तेव्हा आरामखुर्चीतली मंडळी वर्तमानपत्रांतून फुटबॉलपटूंना पळपुटे म्हणत होती. हंगाम संपला आणि स्पीअर्स कॅमरन हायलँडर्स या स्कॉटिश पलटणीत भरती झाला. सक्तीची भरती 1916 मध्ये आली. हा 1915 मध्येच, पदरी बायको आणि दोन मुले असताना, आपण होऊन गेला. सार्जंट झाला, 1917 मध्ये त्याला शौर्यासाठीचे मिलिटरी मेडल मिळाले, आणि त्याच वर्षी 20 ऑगस्टला बेल्जियममध्ये ईप्रजवळ तो मारला गेला. वय 31. डोची फार्मच्या दफनभूमीत त्याची कबर आहे. त्या अंतिम सामन्यातला त्याचा सहकारी बॉब टॉरन्स पुढच्या वर्षी गेला.

हे लिहिताना माझाच आवाज चढला, आणि आता थोडी लाज वाटते, कारण मरणाचा आधार घेऊन मी स्पीअर्सला मोठा करतो आहे की काय अशी शंका आली. तो युद्धावरून परतला असता आणि ग्लासगोत म्हातारा होऊन, आमच्या काकांसारखा संध्याकाळी कट्ट्यावर बसून पोरांचे सामने पाहत राहिला असता, तरी पंधराव्या मिनिटाचा तो हेडर तेवढाच राहिला असता. निवड समितीला आकडे लागतात, हे मी नाकारत नाही. पण शोकसभा ही निवड समितीची बैठक नव्हे.

त्या वक्त्यांशी मी भांडलो नाही, हेही सांगून टाकतो. ते काकांना रोज भेटायचे, दवाखान्यात रात्री बसलेले तेच होते, आणि त्यांनी तो शब्द सवयीने वापरला असणार. उद्या फोन करीन.

सभेनंतर मी काकांच्या घरी गेलो. दार उघडेच होते, बाहेर चपलांचा ढीग. आत जाण्यापूर्वी मी चौकटीवर पेरांनी एकदाच ठक् केले, नेमके त्यांच्यासारखे नाही जमले. आतून काकूंचा आवाज आला, "कोण आहे?" मला पटकन काही बोलता आले नाही.