घड्याळ मागे, मी पुढे

पुन्हा तेच! सकाळी कॉम्प्युटर लावला तर घड्याळात पहाटेचे सव्वातीन. बाहेर पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा वाजून गेलेला, म्हणजे साडेसहा तरी झालेच. रोज वेळ हाताने लावायची, रात्री बंद करायचा, सकाळी स्वारी परत मागे. त्यात ब्राउझरचा शहाणपणा: तुमचं घड्याळ मागे आहे, साइट उघडणार नाही. वीजबिल भरू कसं?

म्हापशातल्या दुकानातला पोरगा म्हणतो, "काका, विंडोज नव्याने टाकूया." अरे बाबा, चालू असताना घड्याळ अगदी नीट चालतं, मागे पडतं ते बंद असतानाच! तेव्हा ते मदरबोर्डवरच्या सेलवर चालतं ना, नाण्याएवढ्या सीआर२०३२ वर.

शेवटी मीच झाकण उघडलं. आत धूळ, पावसाळ्याची ओल, एक वाळलेली पाल (असो). सेल नखाने उचकटून मल्टिमीटर लावला. ३ व्होल्टचा सेल, काटा २.४ वर! एवढ्याशा चकतीपायी जूनपासून मी इंटरनेटला, जाणाऱ्या विजेला, कुणाकुणाला शिव्या घालतोय.

नवा आणायला धावलो, तर दुकान दुपारचं बंद. चारला उघडेल म्हणे. कुणाच्या घड्याळात?