नाव चुकलंय? मग चूक तुमचीच

सर्वात आधी एक गैरसमज डोक्यातून काढून टाका. तुमचं नाव तुमच्या मालकीचं नाही. बारशाला आत्याने कानात 'कुर्रर्र' करून काहीही सांगितलेलं असो, काउंटरपलीकडचा ऑपरेटर जे टाइप करेल ते तुमचं नाव.

त्यातून तुम्ही ज्ञानेश्वर असाल तर साधना खडतर आहे. मराठी माणूस डी-एन-वायने सुरुवात करणार, उत्तरेकडचा जी-वायने आणि संस्कृतचा अभिमानी जे-एनने. तिघेही आपापल्या जागी बरोबर, चुकीचे फक्त तुम्ही. फोनवर स्पेलिंग सांगताना धीर सोडू नका. 'डी दापोलीचा, एन नाशिकचा, वाय यवतमाळचा' असा अर्धा महाराष्ट्र फिरवून आणलात की पलीकडून प्रसन्न आवाज येईल, "जी, समझ गया. जी-वाय-ए-एन, ग्यानेश्वरजी." इथे 'हो' म्हणायचं आणि पार्सल घ्यायचं.

सरकारी कागदावर मात्र 'हो' म्हणून भागत नाही. आधारवर डी-एन-वाय आणि पॅनवर जी-वाय असलं की तुम्ही दोन माणसं झालात. ३० जून २०२३ पर्यंत ही दोघं जुळली नसतील, तर पॅन निष्क्रिय. त्याला जागं करायला हजार रुपये. आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, हेही ध्यानात असू द्या. म्हणून पहिली दुरुस्ती ऑपरेटरला हात साफ करायला द्या, दुसरी स्वतःसाठी ठेवा.

मग प्रतिज्ञापत्र. चूक ज्याने केली तो चहाला गेलेला असतो. हे दोघेही मीच, असं शपथेवर तुम्ही सांगायचं. हौस त्याहून दांडगी असेल तर राजपत्रात छापून आणा. 'जुने नाव' या रकान्यात कुणा कारकुनाने पाडलेलं नाव, 'नवीन नाव' या रकान्यात आजोबांनी ठेवलेलं. वर आपणच स्वखुशीने नाव बदलल्याची सही. एवढा मनाचा मोठेपणा दुसऱ्या कुठल्या अर्जात दाखवता येत नाही.

आडनावात 'ळ' असेल तर त्याचा नाद सोडा. कुर्ल्याच्या टर्मिनसवर मराठीत टिळक आणि हिंदीत तिलक गुण्यागोविंदाने नांदतात. स्वराज्य जन्मसिद्ध हक्क आहे म्हणून ठणकावणाऱ्याचा 'ळ' वाचला नाही, तिथे तुमच्या काळ्यांची काय कथा? इंग्रजीत ते 'काले', आणि परदेशी गेलात तर 'केल', म्हणजे सॅलडमधला पाला. कोण म्हणतं मराठी माणसाला परदेशात मागणी नाही?

तेंडुलकरांचं हिंदी पेपरांत वर्षानुवर्षं 'तेंदुलकर' होत आलं आहे. मात्र यावरून मनाला समाधान देण्याआधी शंभर शतकं करावी लागतात.

आता पुढच्या पिढीचं. 'अमित' किंवा 'नेहा' ठेवून सुटका करून घेण्याचा भ्याड विचार मनात आणू नका. शासनाचीही तुम्हाला साथ आहे: १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचंही नाव लागतं. निर्णय उत्तमच आहे. शिवाय चुकायला आधी तीन जागा होत्या, आता चार झाल्या. आईचं नाव मृण्मयी असेल तर दाखल्याच्या रांगेत उभं राहायला जाताना डबा घेऊन जा, आणि शक्य असेल तर मृण्मयीलाही.