मांडव घालणारी पोरं

आठवडाभर आमच्या फॅमिली ग्रुपवर रणधुमाळी चालू आहे. भाची पुण्यात पाच वर्षांच्या लॉच्या कोर्सला, तिसऱ्या वर्षात. कॉलेजच्या लॉ रिव्ह्यूचं, म्हणजे विद्यार्थीच चालवतात त्या कायद्याच्या नियतकालिकाचं, संपादक मंडळ जाहीर झालं आणि तिचं नाव नाही. निवड मुलाखतीवर, मुलाखत घेणारे सीनियर. "कोणाला घेणार ते कॅन्टीनमध्ये आधीच माहीत होतं, मामा." ताई म्हणते मार्कांवर घ्या, वादच मिटला. भाऊजींचा निकाल ठरलेला: "अमेरिकेत असलं चालत नाही. विचार त्याला."

विचारलंच आहे तर सांगतो. मी बॉस्टनजवळ एका लॉ लायब्ररीत नोकरी करतो. इथे मे महिन्यात पहिल्या वर्षाच्या परीक्षा संपल्या की लॉ रिव्ह्यूवर येण्यासाठी 'राइट-ऑन' नावाची स्पर्धा होते. सगळ्यांना एकच गठ्ठा मिळतो: एखादा निकाल, त्याभोवतीचे खटले, लेख. गठ्ठ्याबाहेरचं काही वाचायचं नाही, कोणाशी बोलायचं नाही. त्यातूनच टिपण लिहायचं. सोबत मुद्दाम चुका पेरलेला मजकूर दुरुस्त करायला असतो. त्याचं बायबल म्हणजे 'ब्लूबुक', संदर्भ कसे द्यायचे याचं नियमपुस्तक, पहिली आवृत्ती १९२६ची. 'सी, ई.जी.,' ('उदाहरणार्थ पाहा') या खुणेतला पहिला स्वल्पविराम तिरका, दुसरा सरळ. हा फरक डोळ्यांना दिसायला लागला की पोरं कामातून गेली असं आम्ही लायब्ररीवाले म्हणतो.

मला आवडते ती एक गोष्ट: पेपरवर नाव नसतं, नंबर असतो. आडनाव ऐकल्यावर "म्हणजे कुठले?" विचारणाऱ्या आपल्या शहराला हे झेपेल का, शंका आहे.

पण भाऊजी, इथलं सगळं सोवळं नाही. बऱ्याच ठिकाणी ग्रेडही धरतात, आणि त्या वर्गातल्या बाकीच्यांच्या तुलनेत दिलेल्या असतात. परीक्षा संपताच ज्याला कामावर जावं लागतं, त्याने हा गठ्ठा कधी सोडवायचा? शिवाय न्यायाधीशांकडे क्लार्कशिप, म्हणजे त्यांच्या हाताखाली मदतनिसाचं काम, हवी असेल किंवा मोठ्या फर्ममध्ये जायचं असेल तर रेझ्युमेवरची ही एक ओळ फार बोलते. ओबामा १९९०मध्ये हार्वर्ड लॉ रिव्ह्यूचे पहिले कृष्णवर्णीय अध्यक्ष झाले तेव्हा वर्तमानपत्रांत बातमी आली होती. विद्यार्थ्यांच्या नियतकालिकाच्या अध्यक्षपदाची!

तरी फरक आहे, आणि तो निवडीत नाही, निवडीनंतर आहे. मंडळ म्हटलं की आपल्याला गणपती मंडळ आठवतं. अहवालात फोटोसकट कार्यकारिणी, आणि बांबू वाहणारी पोरं वेगळीच. इथे आधी बांबू वाहावे लागतात. दुसऱ्या वर्षभर काम एकच, प्राध्यापकांच्या लेखातली एकेक तळटीप मूळ पुस्तकाशी ताडून बघणं. परवा एक मुलगी तीन वेळा काउंटरवर आली. १९११च्या एका पुस्तकाचं पान हवं होतं. स्कॅन चालणार नव्हतं, कडेचा आकडा कापला गेला होता. तळघरातून पुस्तक काढून दिलं. लेखकाने २१२ लिहिलं होतं, वाक्य २२१वर होतं. तिने पेन्सिलीने आकडा बदलला आणि पुढची टीप घेतली. पदं वाटतात ती या वर्षानंतर, आणि वाटणाऱ्यांनी तुमचं काम पाहिलेलं असतं.

म्हणून मुलाखत की मार्क, हा वाद मला फिजूल वाटतो. ताई, मार्कांवर आलेली मुलगी तळटीप तपासेलच असं कुठे आहे? ज्याला यायचंय त्याला येऊ द्या, एक सत्र नंबर लावून टिपा तपासायला द्या. निम्मे आपोआप गळतील. उरतील ते संपादक.

भाचीला हे पटलं नाही. "तुला तिथे बसून बोलायला काय जातं?" बरोबर आहे. काही जात नाही. मग मी तिला म्हटलं, कॉलेजच्याच गेल्या अंकातल्या कुठल्याही पाच टिपा घे आणि लायब्ररीत जाऊन मूळ खंड उघड. एआयआर (ऑल इंडिया रिपोर्टर, निकालांचे छापील खंड) १९७३, सुप्रीम कोर्ट, पान १४६१ म्हटल्यावर केशवानंद भारती खटल्याचा निकाल उघडायलाच हवा, तसं.

काल रात्री तिचा मेसेज आला. पाचातली दोन पानं चुकीची निघाली. आता विचारतेय, हे सांगायचं कोणाला?