लपलेला पर्याय सापडला? कुणाला सांगू नका

फ्लुएंटमध्ये (म्हणजे हवा-पाण्याचा प्रवाह आणि उष्णता संगणकावर सोडवणाऱ्या अ‍ॅन्सिसच्या सॉफ्टवेअरमध्ये) हवा तो पर्याय दिसत नसेल तर आधी सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाका. अर्धा दिवस सहज जातो आणि टाइमशीटमध्ये भरायला काहीतरी मिळतं. तरीही दिसला नाही, तर दोष क्रमाने वाटत जा: ग्राफिक्स कार्ड, लायसन्स सर्व्हर, आयटीतला नवा पोरगा. उष्णतेचा हिशोब करणारं एनर्जी इक्वेशनच चालू केलेलं नाही म्हणून तापमानाचे रकाने उगवले नाहीत, ही शक्यता सगळ्यात शेवटी तपासा, तीही आजूबाजूला कुणी नसताना.

वर्कबेंचमध्ये, म्हणजे फ्लुएंट ज्यातून उघडता येतं त्या अ‍ॅन्सिसच्याच छत्रीत, टूल्स, ऑप्शन्स, अपिअरन्स असं गेलात की ‘बीटा ऑप्शन्स’ची चौकट भेटते. बिनधास्त टिक करा. बनवणाऱ्यांचाच ज्यावर अजून पुरता भरवसा बसलेला नाही, ते क्लायंटच्या प्रेशर व्हेसलवर चालवून पाहण्याचा मान का सोडायचा?

खरा कस मात्र यूडीएफवाल्यांचा, म्हणजे फ्लुएंटला स्वतःचा सी कोड जोडणाऱ्यांचा. तापमानाच्या ग्रेडियंटसाठी (जागेनुसार ते किती बदलतं त्यासाठी) तुम्ही हौसेने ‘सी_टी_जी’ हा तयार मॅक्रो वापरता आणि कन्सोलवर लाल अक्षरांत सेगमेंटेशन फॉल्ट येतो, म्हणजे नको त्या मेमरीला हात लावल्याने प्रोग्रॅम कोसळतो. मग लगेच कोड बदलायला घ्या. कंपायलर बदला. जमल्यास गाईडही बदला. सॉल्व्हर, म्हणजे समीकरणं सोडवणारा भाग, आपलं काम झालं की ग्रेडियंटची मेमरी मोकळी करून टाकतो, तुमचा मॅक्रो नंतर तिथे जाऊन रिकाम्या जागी हात घालतो, एवढं साधं कारण मनाला पटवून घेऊ नका.

नाइलाजच झाला तर कन्सोलमध्ये ‘सॉल्व्ह/सेट/एक्सपर्ट’ टाइप करा. प्रश्नांची सरबत्ती सुरू होईल. डोळे मिटून एंटर मारत सुटायची सवय असेल, तर नेमका ‘कीप टेम्पररी सॉल्व्हर मेमरी फ्रॉम बीइंग फ्रीड?’ हाच प्रश्न हातून निसटेल, आणि त्याचं ठरलेलं उत्तर ‘नो’ असतं. तिथे ‘यस’ म्हणायचं. बस्स. (मेमरी जास्त खाल्ली जाईल, त्यासाठी नवं मशीन मागून ठेवा.)

आता मुख्य काम. हे कुठेही लिहून ठेवायचं नाही. ज्युनिअरने विचारलं, “सर, माझंच का क्रॅश होतंय?” तर खुर्ची मागे रेलून म्हणा, “आधी फिजिक्स समजून घे.” दोन दिवस त्याला मेश (गणितासाठी पाडलेली जाळी) बारीक करू द्या. तिसऱ्या दिवशी त्याच्या कीबोर्डवर वाकून, स्क्रीन अंगाने झाकत, ती एक ओळ टाइप करा आणि काही न बोलता चहाला निघून जा. अप्रेझलमध्ये याला ‘सॉल्व्हरचं सखोल ज्ञान’ म्हणतात.

आणि पुढच्या आवृत्तीत तोच पर्याय राजरोस मेनूत आलाच, तर नव्या इंटरफेसने सगळी वाट लावली, अशी बोंब सगळ्यात आधी तुम्हीच मारा.