निकदेमाला पुनर्जन्म सांगितलाच नव्हता

सध्या जळगाव-धुळ्याकडच्या ग्रुपांवर एक लांबलचक मेसेज फिरतोय. खाली ‘जास्तीत जास्त शेअर करा’ आहेच. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: येशूने पुनर्जन्मच शिकवला होता, ‘नव्याने जन्म’ म्हणजे तोच. बाप्तिस्मा करणारा योहान हा एलीया संदेष्ट्याचा पुढचा जन्म. जन्मांधाची गोष्ट म्हणजे मागच्या जन्मीचं कर्मफळ. हे सगळं रोमी सम्राट कॉन्स्टंटाइनने ३२५ साली नायसियाच्या परिषदेत बायबलातून काढून टाकलं, आणि उरलंसुरलं राणी थिओडोराने ५५३ च्या परिषदेत काढायला लावलं. तेव्हापासून चर्चवाल्यांनी सोपी युक्ती काढली. डोक्यावर बाप्तिस्म्याचं पाणी घ्या, स्वर्ग पक्का, मग वाटेल ते पाप करा.

मी ख्रिस्ती. मला हा मेसेज पाठवला एका जुन्या मित्राने. सोबत लिहिलं, ‘मंग तुमनं आन आमनं येकच शे ना भो!’ त्याच्या बोलण्यात आपुलकी आहे, खोट नाही. कोथळी-मेहूणला मुक्ताईच्या दर्शनाला न चुकता जाणारा माणूस तो, चौऱ्याऐंशी लक्ष योनींचा फेरा लहानपणापासून कीर्तनात ऐकत आलेला. त्याने पुनर्जन्म मानावा, माझी काय हरकत असणार? पण जे योहानाच्या शुभवर्तमानात, म्हणजे बायबलातल्या येशूच्या चरित्रात (हा योहान वेगळा, बाप्तिस्मा करणारा नव्हे) नाही, ते तिथे आहे असं कोणी सांगू लागलं की बोलावं लागतं.

आधी निकदेम. योहानाच्या तिसऱ्या अध्यायात हा परूशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथातला माणूस आणि यहुद्यांचा एक अधिकारी, रात्री येशूकडे येतो. येशू त्याला सांगतो, ‘नव्याने जन्मल्यावाचून कोणालाही देवाचे राज्य पाहता येत नाही.’ मेसेज इथे थांबतो. पुढची ओळ वाचायचे कष्ट घेतले असते, तर तो लिहायची वेळच आली नसती. कारण निकदेमालाही हीच शंका आली होती. म्हातारा माणूस पुन्हा आईच्या उदरात जाऊन जन्म घेईल कसा, असं तो विचारतो. यावर येशू ‘हो, पुढच्या खेपेला’ असं म्हणत नाही. तो पाण्यापासून आणि आत्म्यापासून जन्मण्याविषयी बोलतो. देहापासून जन्मलेलं ते देह, आत्म्यापासून जन्मलेलं ते आत्मा, असं स्पष्ट वेगळं करून सांगतो. दुसऱ्या देहाचा विषय निकदेमाने काढला आणि येशूने तो तिथेच बाजूला ठेवला.

आणि दोन्ही शिकवणींची दिशा बघा. आपल्याकडे जन्म ही सुटायची गोष्ट आहे. फेरा चुकला की मोक्ष. इथे उलट, जन्म घ्यायचाच आहे, पण एकदा, आणि मरणाआधी. तोच देह, तेच घर, तीच बायकापोरं, तेच उधारीचं खातं. बदलतो तो आतला माणूस आणि त्याचं देवाशी असलेलं नातं. या दोन गोष्टींना एकच म्हणणं म्हणजे दोघांचाही अपमान आहे.

एलीयाचा मुद्दा मात्र मेसेजमधला त्यातल्या त्यात दमदार. मत्तयाच्या शुभवर्तमानात येशू या बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाविषयी म्हणतो खरा, की येणारा एलीया तो हाच. पण लूकच्या पहिल्या अध्यायात देवदूत आधीच सांगून ठेवतो की हा मुलगा एलीयाच्या आत्म्याने आणि सामर्थ्याने पुढे चालेल, म्हणजे त्याच्यासारखं काम करील. खुद्द योहानाला लोकांनी तोंडावर विचारलं, ‘तू एलीया आहेस काय?’ तो म्हणाला, ‘मी नाही.’ शिवाय पुनर्जन्माला आधी मरावं लागतं. जुन्या करारातल्या कथेप्रमाणे एलीया मेलाच नाही, वावटळीतून वर घेतला गेला. पुढे योहानाचा शिरच्छेद झाल्यावर डोंगरावर मोशेबरोबर जो दिसतो तो एलीयाच, एलीया म्हणूनच.

जन्मांधावर फार शाई नको. त्याच्याकडे बघून शिष्य येशूला विचारतात, पाप कोणी केलं, याने की याच्या आईबापांनी? येशू म्हणतो, याने नाही आणि आईबापांनीही नाही. ज्या उत्तरात कर्मफळाला नकार आहे, तेच उत्तर कर्मफळाचा पुरावा म्हणून फिरतंय! बायबलातल्या ‘इब्री लोकांस पत्र’ याच्या नवव्या अध्यायात तर माणसाने एकदाच मरावं आणि नंतर न्याय व्हावा, असं सरळ लिहिलेलं आहे.

आता ३२५. नायसिया म्हणजे आजच्या तुर्कस्तानातलं इझनिक. तिथे बिशप जमले ते प्रामुख्याने आरियस नावाच्या धर्मगुरूच्या मतावरून पेटलेल्या वादासाठी: पुत्र, म्हणजे येशू, हा देवपित्याच्याच तत्त्वाचा आहे की निर्माण केलेला? ईस्टर कधी पाळायचा हाही विषय होता. त्या परिषदेचे २० नियम आजही कोणालाही वाचता येतात. व्याजाने पैसे फिरवणाऱ्या धर्मसेवकाला पदावरून काढा, बिशपांनी एका शहरातून दुसऱ्या शहरात उड्या मारू नयेत, रविवारी प्रार्थना गुडघे न टेकता उभ्याने करा, असल्या गोष्टी त्यात आहेत. पुनर्जन्म नाही. बायबलातली पुस्तकं कोणती ठेवायची आणि कोणती काढायची, हेही नाही.

बरं, पुनर्जन्माची शिकवण नायसियापर्यंत चर्चमध्ये नांदत होती, असंही नाही. दुसऱ्या शतकाच्या मध्याला जस्टिन नावाचा लेखक रोमी सम्राटाला ख्रिस्ती लोकांची बाजू समजावून सांगतो. त्यात बाप्तिस्म्याला तो नवा जन्म म्हणतो आणि पुढे लगेच लिहितो की एकदा जन्मलेल्याला पुन्हा आईच्या पोटात जाता येत नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे. इ. स. १८० च्या सुमाराला इरेनियस या बिशपने आत्मे एका देहातून दुसऱ्यात जातात या मताचं खंडन केलं. अशी मतं मांडणारे काही पंथ तेव्हा होते, म्हणूनच त्याला ते करावं लागलं. कॉन्स्टंटाइनचा तेव्हा जन्मसुद्धा व्हायचा होता.

५५३ च्या गोष्टीत थोडं तथ्य आहे, म्हणून ती जास्त खपते. तिसऱ्या शतकातल्या ओरिजेन या ख्रिस्ती विचारवंताने, देह मिळण्याआधीही आत्मे अस्तित्वात होते, असा विचार मांडला होता. सम्राट जस्टिनियनच्या काळात त्याच्यावर आणि त्याच्या नावाने चालणाऱ्या मतांवर ठपका ठेवला गेला. पण आत्मा आधीपासून असणं वेगळं आणि तो देहामागून देह बदलत जाणं वेगळं. मत्तयावरच्या आपल्या भाष्यात, नेमकं एलीया-योहानाच्या प्रसंगावर लिहिताना, हाच ओरिजेन म्हणतो की आत्म्याचं देहांतर ही चर्चची शिकवण नाही. राहिली जस्टिनियनची राणी. थिओडोरा ५४८ साली वारली. पाच वर्षांनी भरलेल्या परिषदेत तिने काय काढायला लावलं असेल? तिचा पुनर्जन्म झाला असं मानलं तरच हे जमतं.

आणि काढायचं म्हटलं तरी काढणार कुठून? ५५३ पर्यंत शुभवर्तमानं लॅटिन, सिरियाक, कॉप्टिक भाषांत गेलेली होती. पर्शियातल्या ख्रिस्ती मंडळ्यांवर तर या सम्राटाची सत्ताच नव्हती. व्हॅटिकन आणि सिनाई या नावांनी ओळखली जाणारी बायबलची हस्तलिखितं चौथ्या शतकातली आहेत, म्हणजे त्या परिषदेच्या दोनशे वर्षं आधीची. त्यात निकदेम आपल्या जागी आहे, त्याच प्रश्नासकट. कोणाला खाडाखोड करायचीच असती, तर पहिला घाव ‘नव्याने जन्म’ याच शब्दांवर बसला असता. ते शब्द राहिले कसे?

आता पाणी. या मुद्द्यावर मला जास्त बोलायचंय, कारण हा गैरसमज आमच्यातल्याही काहींचा आहे.

नवापूर तालुक्यात मावची बोलणारी बरीच ख्रिस्ती कुटुंबं आहेत. तिकडच्या अनेक मंडळ्यांत बाप्तिस्मा बुडवून देतात, नदीत किंवा धरणाच्या पाण्यात. रंगावलीच्या काठी अशाच एका बाप्तिस्म्याला मी हजर होतो. पांढरा सदरा घालून ओळीत उभ्या असलेल्या एकाला पाळकांनी, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंनी, बाजूला घेतलं. त्याने धाकट्या भावाच्या वावरातले दोन तास, म्हणजे नांगराच्या दोन ओळींएवढी जमीन, दाबले होते आणि गावाला ते ठाऊक होतं. पाळक म्हणाले, ‘दादा, आधी बांध सरळ कर. पाणी कुठं पळून नाही जात.’ माणूस लालबुंद झाला, सदरा काढून पिशवीत कोंबला आणि चालता झाला. बाकीचे उतरले, गाणी झाली, जेवणं झाली. त्याला त्या दिवशी पाणी मिळालं नाही.

म्हणजे बांध सरळ केल्याने तारण, म्हणजे पापातून सुटका, मिळतं का? नाही, आणि पाळकही तसं म्हणाले नाहीत. इफिसकरांच्या पत्रात साफ लिहिलंय की तारण कृपेने, विश्वासाच्या द्वारे. ते देवाचं दान आहे, कोणी आपल्या कर्मांची बढाई मारू नये. लगेच पुढच्या वचनात, आपण सत्कृत्यांसाठीच निर्माण झालो आहोत, असंही आहे. क्रम महत्त्वाचा. आधी पश्चात्ताप आणि विश्वास, मग त्याचं फळ. फळ दिसतच नसेल, तर पाळकाने विश्वासाविषयी विचारणा करायलाच हवी. जक्कय जकातदाराने फसवून घेतलेलं चौपट परत करायचं म्हटलं, ते येशू त्याच्या घरी पाहुणा म्हणून गेल्यावर.

पाण्याने आपोआप तारण होत असतं, तर बायबलातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकातला शिमोन जादूगार पहिल्या रांगेत असता. त्याने बाप्तिस्मा घेतला, आणि थोड्याच दिवसांत पवित्र आत्मा देण्याचा अधिकार पैसे टाकून विकत मागितला. पेत्राने त्याला तुझं अंतःकरण सरळ नाही म्हणून झापलं. उलट येशूच्या शेजारी वधस्तंभावर दिलेल्या चोराला पाण्याचा थेंब मिळाला नाही, आणि त्याला त्याच दिवशी सुखलोकाचं वचन मिळालं. आपल्याकडचं उदाहरण पंडिता रमाबाईंचं. बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडात झाला. पण पुढे त्यांनीच लिहून ठेवलं की तेव्हा ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता; त्याला आणखी काही वर्षं लागली.

पंथापंथांत इथे फरक आहे, तो लपवायचं कारण नाही. भुसावळच्या कॅथलिक घरात तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा होतो आणि त्याच संस्कारात देव नवा जन्म देतो अशी श्रद्धा आहे. नवापूरकडच्या अनेक मंडळ्या म्हणतात, आधी कळत्या वयात विश्वास, मग पाणी. पण बाप्तिस्मा झाला, आता काही करा, असं दोघांपैकी कोणीच शिकवत नाही. कॅथलिकांत गंभीर पापाने कृपा गमावते, म्हणून पापनिवेदन आहे. आणि कृपा वाढावी म्हणून पाप करत राहावं काय, हा प्रश्न प्रेषित पौलाने रोमकरांना लिहिताना स्वतःच घेतला आणि ‘कधीच नाही’ म्हणून उडवून लावला.

मेसेजवाल्याला खरंच अडचणीचा प्रश्न विचारायचा होता, तर तो चोराच्या गोष्टीवरून विचारायचा. आयुष्यभर लुटालूट करून शेवटच्या घटकेला ‘माझी आठवण कर’ म्हणणाऱ्याला सगळं मिळावं, हा कुठला न्याय? इथे कर्माचा हिशेब मानणाऱ्याला राग येणं मी समजू शकतो. मलाही कधी कधी येतो. द्राक्षमळ्याच्या दाखल्यात दिवसभर उन्हात राबलेल्या मजुरांनाही आला होता, कारण संध्याकाळी तासभर काम केलेल्याच्या हातावरही मालकाने तोच एक रुपया ठेवला. मालक त्यांचा हिशेब खोटा ठरवत नाही. ठरलेलं तुला दिलं, माझ्या पैशाचं काय करायचं ते मी ठरवतो, एवढंच म्हणतो. यावर माझ्या मित्राने माझ्याशी खुशाल भांडावं. मत्तयाचा विसावा अध्याय आहे, कोणी काढलेला नाही.